आशियाच्या सुवर्णकाळांची पेटी : वस्तू एकदम भारी, पुस्तिकेवर मात्र अजून काम हवं

मुलांसाठीच्या इतिहासाच्या वस्तूंची ही पेटी मागवून दोन महिने होऊन गेले, आतल्या सगळ्या वस्तू वापरून झाल्या, ऑडिओ दोनदा ऐकून झाला, त्यामुळे आता सविस्तर लिहितोय. कारण घ्यायच्या आधी मी शोधत होतो तेव्हा एकाही रिव्ह्यूत आत नेमकं काय आहे आणि ते किती खरं आहे हे कोणी नीट लिहिलेलं नव्हतं, सगळीकडे 'मुलांना आवडलं, पॅकिंग छान' एवढंच. पॅकिंग छान आहेच, जाड पुठ्ठ्याची पेटी, आत आठ कप्पे, सात कप्प्यांवर एकेका साम्राज्याचं नाव, वस्तू गवतात गुंडाळलेल्या, काही फुटलं नाही. पण इतिहासाची पेटी घेताना पॅकिंग ही शेवटची गोष्ट बघायची असते.

आत काय येतं ते सांगतो. इराणच्या हखामनी साम्राज्याच्या कप्प्यात मातीची एक छोटी पाटी, मौर्यांच्या कप्प्यात गिरनारच्या शिळेवरच्या ब्राह्मी ओळींचा रबरी ठसा, चीनच्या हान घराण्याच्या कप्प्यात चौकोनी भोकाची पाच नाणी आणि कागद करायची जाळी, गुप्तांच्या कप्प्यात समुद्रगुप्ताचं वीणेचं नाणं, चीनच्याच तांग घराण्याच्या कप्प्यात लाकडी ठोकळा, शाई आणि कोरणी, खलिफांच्या बगदादच्या कप्प्यात अंकांचे पत्ते, कंबोडियाच्या ख्मेर कप्प्यात एका शिलालेखाची छापील प्रत, आणि आठव्या कप्प्यात घडीचा मोठा नकाशा. सोबत पुस्तिका आणि क्यूआर कोडवर आठ ऑडिओ. मी भाचीसाठी मागवली, ती सातवीत आहे, पण खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात तिच्यापेक्षा मीच जास्त घेऊन बसलो होतो.

सगळ्यात आधी मातीच्या पाटीबद्दल, कारण पुस्तिकेत तिला जेमतेम अर्धं पान दिलंय आणि माझ्या मते पेटीतली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. हखामनींची इराणमधली राजधानी पर्सेपोलिस, तिथे 1933-34 मध्ये उत्खननात अशा हजारो पाट्या सापडल्या, दारयवहू पहिला म्हणजे ज्याला आपण डरायस म्हणतो त्याच्या काळातल्या, साधारण इ.स.पू. 509 ते 493. तळहातात मावेल एवढी, जिभेसारखा आकार, एका बाजूला दोरा ओवल्याची खूण, आणि त्यावर खिळ्यासारखी बारीक अक्षरं, भाषा बहुतेक पाट्यांवर एलामी. आणि त्यात लिहिलंय काय, तर युद्ध नाही, राजाची स्तुती नाही, धान्य किती दिलं, कोणाला दिलं, कोणत्या महिन्यात, कोणाच्या शिक्क्याने. कोठाराचा हिशोब! मजुरांना रेशन, प्रवाशांना रेशन, बाळंतिणींना वेगळं जादा रेशन. मुलगा झाला तर मुलगी झाल्यावर मिळायचं त्याच्या दुप्पट. भाचीने हे ऐकलं आणि पाटी खाली ठेवून म्हणाली, 'मामा, म्हणजे तेव्हापण?' मी हो म्हणालो, पुढे काही बोलायला सुचलं नाही.

हे इतकं लांबण लावून सांगतोय कारण साम्राज्याचा सुवर्णकाळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर महाल आणि सोनं येतं, पुस्तिकेतही तेच पानं भरून आहे, पर्सेपोलिसचे खांब किती आणि शंभर खांबांचा दरबार कसा वगैरे. पण महाल इ.स.पू. 330 मध्ये अलेक्झांडरच्या वेळी जळाला. टिकली ती पद्धत. लांबच्या माणसाला शिक्क्याचं पत्र दाखवून वाटेत धान्य मिळतं ही पद्धत, मुक्कामाची ठाणी ठरवून ठेवायची पद्धत. सार्डिस (आजच्या तुर्कस्तानात) ते सुसा (इराणमध्ये) या राजमार्गावर 111 ठाणी होती असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो, आणि या पाट्यांमध्ये हिंदुश म्हणजे आपल्या सिंधच्या बाजूच्या प्रांतातून ये-जा करणाऱ्या माणसांच्या रेशनच्या नोंदी आहेत. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी सिंधूकडचा एक माणूस इराणमध्ये एका ठाण्यावर उभा आहे, खिशात शिक्का मारलेली चिठ्ठी आहे आणि समोरचा कारकून मातीच्या ओल्या गोळ्यावर त्याच्या पिठाची नोंद करतोय. मला तर अंगावर काटा आला. आणि या कारभाराची लेखनिकांची दुसरी भाषा अरेमाईक, तिच्या लिपीवरून पुढे आपल्याकडे वायव्येत खरोष्ठी लिपी आली, अशोकाने कंदाहारला लेख कोरवला तोसुद्धा ग्रीक आणि अरेमाईकमध्ये. म्हणजे हखामनी साम्राज्य जाऊन 70-80 वर्षं झाली तरी त्यांची कचेरीची भाषा तिथल्या लोकांना वाचता येत होती.

यातलं अरेमाईकचं पुस्तिकेत अजिबात नाही. आणि माझी पेटीबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. आठ कप्पे केलेत आणि मध्ये पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्यात. पुस्तिकेतही तसंच, एक साम्राज्य सुरू झालं, 'कळस' गाठला, संपलं, पुढचं पान. प्रत्येकाची देणगी वेगळ्या चौकटीत. पण या साम्राज्यांचं मोठेपण तर हातातून हातात गेलेल्या गोष्टींत आहे, आणि गंमत म्हणजे पेटीतल्या वस्तूच हे ओरडून सांगताहेत, बनवणाऱ्यांनी वस्तू इतक्या चांगल्या निवडल्या आणि स्वतःच त्या नीट वाचल्या नाहीत.

समुद्रगुप्ताचं नाणंच घ्या. एका बाजूला राजा आसनावर बसलाय, मांडीवर वीणा, भोवती 'महाराजाधिराज श्रीसमुद्रगुप्तः'. पुस्तिका म्हणते राजा संगीतप्रेमी होता, बरोबर आहे, संपलं. आता नाणं उलटं करा. मागे वेताच्या मोड्यावर बसलेली देवी आहे आणि तिच्या हातात शिंगासारखं काहीतरी आहे. ते समृद्धीचं शिंग, फळाफुलांनी भरलेलं, मूळ ग्रीक-रोमन कल्पना, ती कुषाणांच्या सोन्याच्या नाण्यांवर अर्दोक्षो देवीच्या हातात आली आणि तिथून गुप्तांनी उचलली, पुढे हळूहळू त्याच देवीची कमळावर बसलेली लक्ष्मी झाली. गुप्तांच्या शिलालेखांत सोन्याच्या नाण्याला 'दीनार' म्हणतात, तोही शब्द रोमन. ज्याला आपण भारताचा अगदी अस्सल सुवर्णकाळ म्हणतो त्याचं अस्सल सोन्याचं नाणं असं तीन हातांतून आलेलं आहे, आणि मला यात कमीपणा अजिबात वाटत नाही, उलट घेऊन स्वतःचं करायची ताकद होती म्हणून तर तो सुवर्णकाळ. दुःख एवढंच की पेटीतल्या प्रतिकृतीत ते शिंग पार गुळगुळीत झालंय, मूळ नाण्याचा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. पितळेवर सोनेरी पॉलिश आहे, महिन्याभरात कडेने काळं पडायला लागलं. आणि ज्यांच्यामुळे हे शिंग इथपर्यंत आलं त्या कुषाणांना पेटीत कप्पाच नाही! कनिष्क नाही, गांधार नाही. चीन, इराण आणि गंगेचं खोरं यांच्या बरोबर मध्ये बसलेलं साम्राज्य गाळलं की बाकीचे सात कप्पे एकमेकांशी बोलणार कसे.

हानची नाणी मात्र फार सुंदर झालीत. वूझू नाणं, गोल, मध्ये चौकोनी भोक, भोकाच्या उजवीकडे 'वू' म्हणजे पाच, ते अक्षर डमरूसारखं दिसतं, डावीकडे 'झू' हे वजनाचं माप. इ.स.पू. 118 मध्ये सम्राट वूच्या काळात सुरू झालं आणि इ.स. 621 मध्ये तांग राजांनी नवं नाणं काढेपर्यंत चाललं. सातशेहून जास्त वर्षं एकच नाणं! मध्ये हान घराणं संपलं, तुकडे झाले, परत एक झाले, तरी नाणं तेच. आणि चौकोनी भोकाचा साचा तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालला, जपान, कोरिया, व्हिएतनाम सगळीकडे गेला. भोक चौकोनीच का तर दोरीत ओवता येतंच, पण ओतल्यावर कडा घासायच्या असतात तेव्हा चौकोनी दांड्यावर नाणी ओवली की ती गरगर फिरत नाहीत. भाचीने पेन्सिल आणि नंतर चौकोनी पट्टी घालून स्वतः बघितलं, पेन्सिलीवर फिरतात, पट्टीवर घट्ट बसतात. अशी एक गोष्ट हाताने कळली की दहा पानं वाचायची गरज नाही.

पण त्याच सम्राट वूबद्दल पुस्तिकेत नुसता जयजयकार आहे, रेशीममार्ग उघडला, राज्य वाढवलं. चांग छियेन नावाच्या दूताला त्याने इ.स.पू. 138 मध्ये पश्चिमेला पाठवलं, तो मध्ये अडकला आणि बारा-तेरा वर्षांनी परत आला, ते सगळं छान रंगवलंय (नाव मात्र 'झांग क्वियान' छापलंय, इंग्रजी स्पेलिंग बघून आपल्या अक्षरात उतरवलं की असं होतं). पण या स्वाऱ्यांना पैसा कुठून आला? मीठ आणि लोखंड सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतलं तिथून. आणि सम्राट गेल्यावर इ.स.पू. 81 मध्ये दरबारात यावर चक्क वाद झाला, एकीकडे सरकारी अधिकारी, दुसरीकडे गावागावातून बोलावलेले विद्वान, आणि विद्वानांची तक्रार काय होती, तर सरकारी कारखान्यातली लोखंडी अवजारं बोजड आणि निकृष्ट असतात, महाग असतात, शेतकऱ्याच्या कामाची नसतात. हा वाद लिहून ठेवलेला आहे, आजही वाचता येतो. मला विचाराल तर हानचं खरं मोठेपण यात आहे, की राजाच्या धोरणावर दरबारात समोरासमोर हुज्जत झाली आणि ती जपून ठेवली. आठ मिनिटांच्या ऑडिओत याला एक वाक्य तरी द्यायचं.

गिरनारच्या ठशाबद्दलही असंच. ठसा उत्तम आहे, शाई लावून कागदावर उमटवला की अशोकाच्या ब्राह्मीतल्या दोन ओळी येतात, पुस्तिकेत अक्षरओळख दिलीय, त्यावरून भाचीने अर्ध्या तासात 'देवानं' आणि 'पिय' हे शब्द लावले. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ही लिपी उलगडली तेव्हा त्याला काय वाटलं असेल याची थोडीशी चव तिला मिळाली. पण पुस्तिका अशोकापाशीच थांबते. अहो, गिरनारची ती एकच शिळा आहे, तिच्यावर तीन राजवटींचे लेख आहेत! अशोकाचे लेख, त्यावर इ.स. 150 मधला रुद्रदामन या शक क्षत्रपाचा लेख, आणि पुढे पाचव्या शतकात स्कंदगुप्ताचा. आणि शेवटच्या दोन्ही लेखांचा विषय काय आहे माहितीये, एक धरण. सुदर्शन तलाव.

रुद्रदामनच्या लेखात धरणाचा सगळा इतिहासच दिलाय. चंद्रगुप्त मौर्याच्या वेळी पुष्यगुप्त नावाच्या अधिकाऱ्याने ते बांधलं, अशोकाच्या वेळी तुषास्फ नावाच्या यवन (म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीक) अधिकाऱ्याने कालवे काढले, मग जवळजवळ चारशे वर्षांनी वादळ आलं, नद्यांना पूर आला आणि बांधाला भगदाड पडलं, 420 हात लांब, तेवढंच रुंद आणि 75 हात खोल. मंत्री म्हणाले आता हे होणार नाही, लोकांनी आशा सोडली, हाहाकार झाला. मग सुविशाख नावाच्या पह्लव म्हणजे इराणकडच्या अमात्याने ते पुन्हा बांधून काढलं. बांधणारा वैश्य, कालवे काढणारा यवन, दुरुस्त करणारा पह्लव, राजा शक! आणि लेखात रुद्रदामन मुद्दाम सांगतो की या कामासाठी मी प्रजेवर कर बसवला नाही आणि वेठ घेतली नाही, स्वतःच्या कोशातून खर्च केला. राजे स्वतःबद्दल चांगलंच लिहिणार हे धरून चाला, पण वेठ घेतली नाही हे दगडावर कोरून सांगावंसं वाटलं याचा अर्थ एरवी घेतली जायची आणि लोकांना ती खुपायची. याच लेखात तो दक्षिणापथाचा राजा सातकर्णी याला दोनदा हरवल्याचं सांगतो, म्हणजे आपले सातवाहन, जवळचा नातेवाईक म्हणून त्याला समूळ उखडलं नाही म्हणतो. मराठीत पुस्तिका काढताना हे वाक्य सुटतंच कसं! स्कंदगुप्ताच्या वेळी धरण परत फुटलं, तेव्हा चक्रपालित नावाच्या अधिकाऱ्याने बांधलं. मौर्य ते गुप्त, सातशेहून जास्त वर्षं, राजवटी बदलल्या, धर्म बदलले, भाषा बदलली, बांध मात्र प्रत्येकाने पुन्हा उभा केला. पुढच्या आवृत्तीत या शिळेचं नुसतं एक पूर्ण चित्र छापा, मौर्य, क्षत्रप आणि गुप्त तिन्ही एका पानावर येतील.

आता कागद. कागदाच्या जाळीसाठी मी ही पेटी कोणालाही घ्यायला सांगेन. छाई लुन नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने इ.स. 105 मध्ये हान सम्राटाला कागद सादर केला, झाडाची साल, ताग, चिंध्या आणि मासे धरायची जुनी जाळी यांच्यापासून केलेला. त्याच्याही आधीचे कागदाचे तुकडे चीनमध्ये सापडलेत, त्यामुळे शोध त्याचा एकट्याचा नाही, पण कृती पक्की केली आणि राजमान्यता मिळवून दिली ती त्याने. आम्ही जुन्या वह्या आणि एक फाटका सुती पंचा दोन दिवस भिजवून, कुटून लगदा केला. पुस्तिकेत लिहिलंय जाळी बुडवा आणि उचला. तसं केलं तर चार वेळा मध्ये भोक पडलं, कागद जाळीवरून सुटताना फाटला. मग लक्षात आलं की जाळी पाण्याच्या वर आली की लगेच, पाणी निथळत असताना, तिला उजवीकडे डावीकडे आणि पुढे मागे अलगद हलवायचं, म्हणजे तंतू एकमेकांत अडकतात. पाचवा कागद अख्खा निघाला. ही एक ओळ कृतीत पाहिजेच, सगळं कसब त्या दोन सेकंदांत आहे.

आणि दुसरी गोष्ट, कागद वाळल्यावर त्यावर लिहायला गेलो तर शाई पसरली, अक्षराची शेवाळ झाली. कागदाला खळ द्यायला लागते, पुस्तिकेत याचा उल्लेखच नाही. आम्ही तांदळाची पातळ खळ केली, ब्रशने लावली, वाळवली, मग वाटीच्या बुडाने घासला, आणि त्यावर बोरूने लिहिलं तर स्वच्छ ओळ आली. समरकंद-बगदादकडचे कागद करणारे अशीच खळ द्यायचे, कारण त्यांची लेखणी बोरूची, टोकदार, चिनी कुंचल्यासारखी मऊ नाही. एकाच वस्तूला दुसऱ्या लेखणीसाठी कसं बदलावं लागलं हे आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर कळलं. आपला 'कागद' हा शब्दही फारसीतून आलेला.

पुस्तिकेत मात्र ठोकून दिलंय की 751 च्या तलासच्या लढाईत (अरब विरुद्ध चिनी) चिनी कारागीर पकडले गेले आणि त्या दिवसापासून कागद पश्चिमेला गेला. गोष्ट म्हणून छान आहे, पण इतकी सोपी नाही. सोग्दी व्यापाऱ्यांची कागदावरची पत्रं वायव्य चीनमधल्या तुनह्वांगजवळ सापडलीत, ती चौथ्या शतकाच्या सुरुवातीची आहेत. म्हणजे मध्य आशियातले व्यापारी लढाईच्या चारशे वर्षं आधीपासून कागदावर घरी पत्रं लिहीत होते. व्यापाऱ्यांनी आणि भिक्षूंनी हळूहळू नेलेली गोष्ट एका लढाईच्या नावावर टाकायची, हे मला पटत नाही.

तांगचा ठोकळा फार आवडला. एक तयार कोरलेला, एक कोरा, मऊ लाकडाचा. भाचीने कोऱ्यावर 'मामा' कोरलं, सरळ कोरलं, आणि छापलं तर काने अक्षराच्या डावीकडे आले. शिरोरेघ तेवढी जागच्या जागी, तिला उलटं-सुलटं काही नाही. दुसऱ्यांदा तिने पातळ कागदावर लिहून तो पालथा चिकटवला आणि त्यावरून कोरलं. चिनी कारागीरही नेमकं तेच करायचे, हे मी तिला नंतर सांगितलं, तिने स्वतःच शोधलं होतं. तारीख छापलेलं सगळ्यात जुनं टिकलेलं पुस्तक या काळातलं, 868 सालची वज्रच्छेदिका (बौद्ध ग्रंथ), तुनह्वांगच्या गुहेत सापडली, आज लंडनला आहे. शेवटी छापवून घेणाऱ्याचं नाव आहे, वांग च्ये, आई-वडिलांच्या नावाने सगळ्यांना फुकट वाटण्यासाठी. ग्रंथ मुळात संस्कृत, त्याचं चिनी भाषांतर कुमारजीवाचं, ज्याचे वडील भारतातले आणि आई मध्य आशियातल्या कुचा राज्यातली राजकन्या. हान काळातला कागद, भारतातला ग्रंथ, तांग काळातली छपाई! आणि पुस्तिका याला 'चीनची देणगी' एवढंच म्हणते.

अंकांच्या कप्प्यात सगळ्यात मोठी चूक आहे, ती दुरुस्त केल्याशिवाय ही पेटी शाळांना विकू नका. पुस्तिकेत लिहिलंय 'गुप्त दरबारात आर्यभटाने शून्याचा शोध लावला'. आर्यभटाने 499 मध्ये ग्रंथ लिहिला, पायची किंमत 3.1416 दिली, पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं सांगितलं, एवढं खरंखुरं मोठेपण असताना नसलेलं कशाला चिकटवायचं? शून्य हा अंक धरून त्याच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले ब्रह्मगुप्ताने, 628 मध्ये, भिल्लमाळला म्हणजे आजच्या भीनमाळला, तेव्हा गुप्त साम्राज्य संपून बरीच वर्षं झाली होती. नावात गुप्त आहे म्हणून तो गुप्त राजघराण्याचा होत नाही. सुवर्णकाळ संपला की सगळं संपतं असं नसतं, हे दाखवायची इतकी छान संधी होती.

दिल्लीच्या लोहस्तंभालाही 'रहस्य' म्हटलंय. रहस्य वगैरे नाही, लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झालाय. लोहारांनी कोळशाच्या भट्टीत काय साधलं ते सांगा ना.

बगदादच्या पत्त्यांचा खेळ चांगला आहे, एकच अंक ब्राह्मी, नागरी, अरबी आणि युरोपी रूपात ओळखायचा. 762 मध्ये खलिफा मन्सूरने शहर वसवलं, थोड्याच वर्षांत भारतातून ज्योतिषाचा ग्रंथ तिथे गेला आणि अरबीत आला, नंतर ख्वारिज्मी नावाच्या गणितज्ञाने भारतीय अंकांनी हिशोब कसा करायचा यावर लिहिलं, त्याच्याच नावावरून अल्गोरिदम. यात एक पत्ता 'ज्या' या गणितातल्या शब्दाचा हवा होता. आर्यभटाचा ज्या, अरबीत जीबा झाला, स्वर न लिहिल्यामुळे तो कोणीतरी 'जैब' वाचला, जैब म्हणजे वस्त्राची घडी, खिसा, त्याचं लॅटिन भाषांतर झालं सायनस, आणि तो आज शाळेतला साइन! भाचीला अजून त्रिकोणमिती यायची आहे पण ही गोष्ट तिला तोंडपाठ झालीये. आणि खलिफांचे वजीर बर्मकी, त्यांचे पूर्वज अफगाणिस्तानातल्या बल्खच्या 'नौबहार'चे प्रमुख, नौबहार म्हणजे नवविहार, बौद्ध मठ. याच घराण्याने संस्कृत वैद्यकाचे ग्रंथ अरबीत आणवले.

ख्मेरची प्रत साधी आहे, एका कागदावरचा फोटो, पण बघत राहावं अशी. कंबोडियातल्या संबोरचा लेख, ख्मेर भाषेतला, त्यात वर्ष लिहिलंय शके 605, आणि मधलं शून्य म्हणजे एक टिंब. आपल्या पंचांगातला तोच शक, 78 मिळवले की 683. कुठे ते, कुठे आपण. फक्त पुस्तिकेत हा लेख अंकोर साम्राज्याच्या नावाखाली टाकलाय, अंकोरची सुरुवात 802 पासून धरतात, लेख त्याच्या जवळजवळ सव्वाशे वर्षं आधीचा आहे.

आणि हा शक तिथे पोचला कसा याचं उत्तर नकाशात नाही, कारण नकाशात समुद्र नुसता निळा आहे. रेशीममार्गाची जाड लाल रेघ आहे, समुद्रावर एकही रेघ नाही. चिनी भिक्षू ह्युएन त्संग खुष्कीने आला तसा दुसरा चिनी भिक्षू इत्सिंग 671 मध्ये जहाजाने निघाला, वाटेत श्रीविजयला म्हणजे सुमात्राला सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला आणि मग नालंदेला आला. मान्सूनचे वारे दाखवणारे चार बाण पुरले असते.

भाषेबद्दल. 'हे साम्राज्य त्याच्या उंचीवर होते', 'त्याने एक महत्त्वाची भूमिका खेळली', अशी वाक्यं पानोपानी आहेत, मराठीत कोणी असं बोलत नाही. ऑडिओतल्या बाईंचा आवाज फार छान, स्वच्छ, पण त्यांना वाचायला हेच दिलंय.

मी बनवणाऱ्यांना चुका कळवल्या, शून्याची, अंकोरची आणि खळीची. चार दिवसांत उत्तर आलं, नीट वाचून लिहिलेलं होतं, शून्याचं पान बदलून पाठवतो म्हणाले आणि पाठवलंही, चिकटवायचं पान. त्यामुळे पाचपैकी चार देतोय, नाहीतर तीन दिले असते. घेणार असाल तर दहा वर्षांच्या वरच्या मुलांसाठी घ्या आणि मोठ्या माणसाने सोबत बसा. कप्प्यांच्या क्रमाने जाऊ नका, कागदापासून सुरू करा, त्यावर ठोकळा छापा, मग अंक. आणि ऑर्डर देतानाच एक जादा जाळी मागून घ्या, ती वेगळी मिळते, आमच्या जाळीची एक बाजू विसाव्या कागदाला सुटली.